दिवाळीनंतर बघू म्हणू नका, ताई

पत्र

वकीलसाहेब, नमस्कार.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, माझं माहेर यावल तालुक्यात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी गेले होते. 2 मे रोजी मिस्टर मला घ्यायला मोटारसायकलवर येत होते. दिवेलागणीच्या वेळी अडावदच्या अलीकडे केळी भरलेली पिकअप शिवाररस्त्यावरून एकदम डांबरीवर चढली आणि मिस्टर तिच्यावर आदळले. उजव्या मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली, प्लेटी टाकल्या. नस दबल्यामुळे अंगठा आणि पहिल्या बोटात अजून जोर नाही. मिस्टर 38 वर्षांचे आहेत. आमचं पाण्याच्या मोटारी भरण्याचं दुकान आहे, ते तेव्हापासून बंदच आहे.

पिकअप माझ्या मामांच्या नावावर, आणि चालवत होता माझा मामेभाऊ. पोलीस आले, जागेचा पंचनामा झाला, पण मामा मध्ये पडले आणि गुन्हा नोंदवायचा राहून गेला. दवाखान्याचा खर्च 2 लाख 10 हजार झाला. त्यातले 90 हजार दिराने काढून दिलेल्या मेडिक्लेममधून मिळाले. आता मामा 60 हजार द्यायला तयार आहेत, पण स्टॅम्प पेपरवर सही मागतात. मी केस करायचं बोलले तर मामी म्हणाली, "कोर्टनी पायरी चढशी, ते माहेरनी वाट बंद व्हई जाई."

मिस्टर म्हणतात, जाऊ दे, दिवाळीनंतर बघू. कोणी म्हणतं, हेल्मेट नव्हतं आणि लायसन्सची मुदत संपलेली होती, त्यामुळे छदाम मिळणार नाही. डॉक्टर म्हणतात, प्लेटी पुढच्या वर्षी काढू, हात किती सुधारेल ते तेव्हाच कळेल. मग केस करायची तर तेव्हाच करावी का? की करूच नये? जेवताना मी कळण्याची भाकर मोडून त्यांच्या ताटात ठेवते. ते मान वर करत नाहीत.

– एक वाचक भगिनी

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हाताशी कॅलेंडर घेतलं. म्हणून पहिल्यांदा तारखेचं सांगतो, बाकीचं नंतर.

अपघात 2 मेचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. तुमची मुदत 2 नोव्हेंबरला भरते. तिच्या आगेमागेच भाऊबीज येते. मिस्टर सहज "दिवाळीनंतर" म्हणून गेले, पण त्या शब्दात तुमचा सगळा हक्क बुडू शकतो. त्यात दिवाळीच्या सुट्टीत कोर्टाचं नेहमीचं कामकाज बंद असतं. तुम्ही नवरात्र हीच मुदत धरा. घट बसायच्या आत अर्ज तयार आणि दसऱ्याच्या आत दाखल, असं मनाशी पक्कं करा.

गावातली जाणती माणसं तुम्हाला सांगतील की क्लेमला मुदत नसते, दोन वर्षांनी टाकला तरी चालतो. ती खोटं बोलत नाहीत. 1994 मध्ये कायद्यातली मुदत काढून टाकली होती आणि पुढची कितीतरी वर्षं तसंच चाललं. पण 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. ज्यांची मुदत उलटून गेली असेल त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. तुमचे मात्र अजून दिवस हातात आहेत. दुसऱ्याच्या खटल्याच्या भरवशावर ते घालवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. हात किती सुधारेल हेच ठाऊक नाही, मग आत्ता काय मागायचं? हा प्रश्न अगदी रास्त आहे. दावा दाखल करणं आणि दावा मिटवणं या दोन गोष्टी लोक एकच धरतात, तिथे गफलत होते. दावा दाखल करायला घाई हवी. मिटवायला अजिबात नको. अर्जात आज जे ठाऊक आहे ते लिहायचं: हाडं मोडली, प्लेटी टाकल्या, नस दबली, उपचार चालू आहेत, पुढे आणखी एक ऑपरेशन आहे. कायमचं अपंगत्व किती राहिलं याचा पुरावा सुनावणीच्या वेळी देता येतो, अर्जात दुरुस्ती करता येते. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्याय्य वाटली तर हे दावे ऐकणारं न्यायाधिकरण तीही देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगून ठेवलंय. लवकर अर्ज करण्याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. भरपाईवरचं व्याज फार तर अर्जाच्या तारखेपासून धरता येतं, त्याच्या मागचं नाही. जेवढा उशीर कराल तेवढ्या महिन्यांचं व्याज गेलं.

मिटवण्याच्या बाबतीत मी एवढा हट्ट का धरतो ते सांगतो. मी सातवीत असताना वडिलांना ट्रॅक्टरने उडवलं होतं. ते कापसाच्या गाठी उचलायचे. ट्रॅक्टर ओळखीच्याचा होता. चार माणसं बसली, 8 हजारांवर सही झाली आणि सगळ्यांनी चहा घेतला. दोन वर्षांनी मांडीतली सळई काढायची वेळ आली तेव्हा त्या 8 हजारांतला रुपया शिल्लक नव्हता आणि मागायला तोंडही नव्हतं. गुडघा पुढे पूर्ण वाकलाच नाही. वडिलांनी कोणाला बोल लावला नाही, पण गाठी उचलणंही त्यांना परत जमलं नाही. म्हणून "प्लेटी पुढच्या वर्षी काढू" हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला त्या 60 हजारांपेक्षा मोठं वाटतं.

त्या स्टॅम्प पेपरवर बहुधा असा मजकूर असेल की "यापुढे माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही." त्यावर सही करू नका. मिस्टरांना करू देऊ नका, दिरालाही नाही. मामांना खरोखर मदत करायची असेल तर पैसे जरूर घ्या, दुकान बंद असताना घर चालायला हवं. पण ते बँकेतून घ्या आणि साध्या कागदावर लिहून द्या: "उपचारासाठी मदत म्हणून मिळाले, भरपाईचा हक्क राखून." ही रक्कम दाव्यात उघडपणे सांगायची, लपवायची नाही. एवढ्या कागदावर मामा पैसे द्यायला तयार नसतील, तर ते पैसे कशासाठी होते तेही तुम्हाला कळेल.

60 हजार थोडे की फार, हे कळायला न्यायाधिकरण हिशोब कसा करतं ते बघा. समजा, दुकानातून महिन्याला खर्च वजा जाता 15 हजार सुटत होते. वर्षाचे 1 लाख 80 हजार झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात 40 टक्के मिळवतात. म्हणजे 2 लाख 52 हजार. वर्षाची रक्कम कितीने गुणायची हे वयावर ठरतं, त्याला गुणक म्हणतात; 36 ते 40 वयोगटाला तो 15 चा. आता हाताच्या दुखण्याने कमाईची ताकद 30 टक्क्यांनी घटली असं ठरलं, तर 2 लाख 52 हजारांचे 30 टक्के म्हणजे 75 हजार 600, आणि त्याला 15 ने गुणलं की 11 लाख 34 हजार. दवाखान्याचा खर्च, दुकान बंद होतं त्या महिन्यांची बुडालेली कमाई, पुढचं ऑपरेशन आणि सोसलेल्या वेदना यांचे पैसे त्यावर वेगळे. एवढे मिळतीलच अशी हमी मी देत नाही. 15 हजार आणि 30 टक्के हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत आणि दोन्ही पुराव्याने ठरतात. पण 60 हजार आणि हा हिशोब शेजारी ठेवून बघा. चूक कोणाची हे सिद्ध न करतासुद्धा गंभीर दुखापतीला अडीच लाख देणारं कलम याच कायद्यात आहे. तो मार्ग वेगळा आहे, तुमच्यासाठी मी तो सुचवत नाही, तरीही तिथला आकडाही मामांच्या चौपट आहे.

त्या 30 टक्क्यांविषयी थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्या दाव्याचा जीव तिथे आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावर हाताचं अमुक टक्के असा आकडा येतो. पण न्यायाधिकरणाने बघायचं ते हे की या माणसाच्या या धंद्यात त्या हाताने काय काय गमावलं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हा फरक नीट उलगडून सांगितला आहे. दुकानात बसून किराणा विकणाऱ्याचा अंगठा अधू झाला तर तो कसाबसा निभावून नेईल. मोटार भरणाऱ्याचं तसं नाही. जळालेली कॉइल उपसायची, स्टेटरच्या खाचांत कागद बसवायचा, मग केसासारखी तांब्याची तार एकेक वेढा मोजत अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून आत दाबत जायची. सगळं कसब त्या चिमटीत. नेमकी तीच गेली. हे डॉक्टरांच्या कागदावर आपोआप येत नाही. ते वकिलाला सांगावं लागतं आणि साक्षीत मिस्टरांनी स्वतः सांगावं लागतं. ज्यांनी वर्षानुवर्षं तुमच्याकडे मोटारी भरायला टाकल्या अशा दोघा शेतकऱ्यांनीही सांगितलं तर फार बरं.

दाखल्यासाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, पण आजच नको. हात स्थिरावला असं तुमचे डॉक्टर म्हणतील तेव्हा. तोवर नसेच्या तपासणीचे रिपोर्ट, एक्स-रे आणि फिजिओथेरपीची नोंद जपून ठेवा. नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष घ्यावी लागते. म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी संबंध चांगले ठेवा.

कमाईचा पुरावा काय द्यायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आयकराचं विवरण नाही म्हणून पुष्कळ लोक इथेच हात टेकतात. तुमच्या दुकानात एक वही असेलच. कोणाची मोटार, किती एचपीची, आणली कधी, नेली कधी, पैसे किती. ती वही म्हणजे सोनं आहे. 2 मेनंतरची तिची पानं कोरी असतील. ती तशीच कोरी राहू द्या. कोणी म्हणेल, मागच्या नोंदी जरा वाढवून लिहा. एक अक्षर बदलू नका. उलटतपासणीत एक खोटी ओळ सापडली की शंभर खऱ्या ओळींवरचा विश्वास जातो. तार आणि वॉर्निश ज्यांच्याकडून घेता त्यांची बिलं, दुकानाचं वीजबिल, मोबाईलवर आलेल्या पैशांचा बँकेतला उतारा, एवढं गोळा झालं तरी चित्र उभं राहतं. वीजबिलातून तर मे महिन्यापासून दुकान थंड पडल्याचं आपोआप दिसेल.

हेल्मेट आणि लायसन्सची भीती मनातून काढा. हेल्मेट घालायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण मोडलंय मनगट. डोक्यावर हेल्मेट असतं तर मनगट वाचलं असतं असं कोणीच म्हणू शकत नाही. लायसन्सची मुदत संपली म्हणजे अपघातही त्यांच्याच चुकीने झाला, असं कायदा मानत नाही. लायसन्स नव्हतं एवढ्यावरून जखमीच्या माथी दोष मारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच म्हटलं आहे. विमा कंपनीचा वकील हे मुद्दे काढणार, तो त्याचं काम करील. मिस्टर फार वेगात होते असं ठरलं, तर त्यांच्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम कमी होईल. सगळी जाणार नाही. शिवाररस्त्यावरून मुख्य रस्त्यावर चढणाऱ्याने थांबून दोन्हीकडे बघायचं असतं. पंचनाम्यात जागेचा नकाशा असेल, त्यात पिकअप डांबरीवर कुठपर्यंत आली होती ते बघा. त्यावर पुष्कळ ठरेल. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, घटना अशीच घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवता आलं तरी पुरतं.

मेडिक्लेमचे 90 हजार मिळाले म्हणून तेवढे इथून वजा होतील, असंही तुम्हाला कोणी सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय की ते वजा करायचे नाहीत. हप्ता भरून घेतलेलं ते संरक्षण होतं, ते वेगळं. दवाखान्याचं पूर्ण 2 लाख 10 हजारांचं बिल जोडा.

आता कच्चा दुवा. गुन्हा नोंदवलेला नाही. नियमाप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तुमच्याकडे गुन्हाच नोंदवला नाही म्हणून हे चाक फिरलंच नाही. तेव्हा याच आठवड्यात मिस्टरांच्या नावाने लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उशीर का झाला ते खरं लिहा: दवाखान्यात होतो, नातेवाईक मध्यस्थी करत होते, म्हणून थांबलो. उशिराने तक्रार केली एवढ्यावरून दावा पडत नाही. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गुन्हा नोंदवल्यावर त्याची प्रत मोफत मिळते. दवाखान्याने पहिल्या दिवशी केलेली एमएलसीची, म्हणजे पोलिसांसाठी ठेवायची मेडिको-लीगल नोंद आणि तो पंचनामा, हे दोन्ही कागद आधी हातात घ्या. त्याच संध्याकाळचे कागद ते. चार महिन्यांनी बनवलेल्या कागदाला ते वजन येत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मामेभावाचं लायसन्स नसेल किंवा पॉलिसी संपली असेल, तर कोणीतरी सुचवेल की चालवणारा दुसराच दाखवू, गाडी दुसरीच दाखवू. त्या वाटेला जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि खऱ्या जखमेचा खरा दावा त्यात मातीत जातो. मी जाताना पाहिलाय.

पॉलिसी जिवंत आहे का, हे तुम्ही आज रात्रीच बघू शकता. एम-परिवहन अ‍ॅपवर पिकअपचा नंबर टाका, विम्याची मुदत आणि कंपनी दिसते. पूर्वी कंपन्या म्हणायच्या की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवली, म्हणून आम्ही देणं लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने तो वाद संपवला. साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. पॉलिसी चालू असेल तर भरपाई विमा कंपनीच्या तिजोरीतून येते, मामांच्या केळीच्या पैशातून नाही. रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो याच दिवसासाठी. मामा इतकी वर्षं हप्ते भरत आलेत ते कशासाठी?

आणि आता मामांकडे जायचं. पत्रातला सगळ्यात दुखरा भाग हा आहे आणि त्यावर कायद्याचं पुस्तक फारसं कामाला येत नाही. मामीच्या बोलण्याचा मला राग आला नाही. मुलगा तुरुंगात जाईल या धास्तीने ती बोलली. दाव्यात गाडीमालक, चालवणारा आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करावं लागतं. कोर्टाची नोटीस बेलिफ घेऊन त्यांच्या दारात जाईल. त्या दिवशी ते दचकतील आणि शेजारी बघतील. म्हणून नोटीस जायच्या आधी तुम्ही जा. दिराला घेऊन जा, मिस्टर येत असतील तर फार उत्तम. मामांना म्हणा, "मामा, मी तुमच्यावर नाही, विमा कंपनीवर जातेय. तुमचं नाव कागदावर येईल, कारण गाडी तुमच्या नावावर आहे. मला पॉलिसी, आरसी आणि भाऊच्या लायसन्सची झेरॉक्स द्या, आणि अपघात झाल्याचं कंपनीला कळवा. तुम्ही कळवलं नाही, मदत केली नाही, तर कंपनी हात झटकायला बघेल आणि मग बोजा तुमच्यावर येऊ शकतो." हे खरं आहे, आणि ते ऐकून मामा विचार करतील असं मला वाटतं. पॉलिसी संपलेली निघाली तर मात्र गोष्ट वेगळी, मग रक्कम त्यांच्याकडूनच येणार. तेव्हा किती ताणायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तो निर्णय मी तुमच्यासाठी घेणार नाही.

मामेभावावर फौजदारी गुन्हा नोंदवला जाईल, हे मी लपवत नाही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण गुन्हा जामीनपात्र आहे. घाबरून पोराला लपवून ठेवायची वेळ येत नाही, हेही मामीला सांगा.

अर्ज कोणी करायचा? मिस्टरांनीच. ते सज्ञान आणि शुद्धीत आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी परस्पर करू शकत नाही. उजव्या हाताने सही जमत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा चालतो. मला वाटतं, तुमची खरी लढाई मामांशी नाही, त्या "जाऊ दे" शी आहे. हाताच्या कसबावर घर चालवलेला माणूस तो हात लुळा पडल्यावर खचतो, आणि मग भरपाई मागणंही त्याला भीक मागितल्यासारखं वाटतं. त्यांना एवढंच सांगा की हे कोणाचं दान नाही, त्यांनी वीस वर्षं कमावलेल्या चिमटीची किंमत आहे. वरचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, आणि आकडे वहीतून त्यांनाच काढायला लावा. मोटारी भरणारा माणूस आकड्यांचा पक्का असतो.

कोर्ट कुठलं, म्हणून फार चिंता नको. अपघात झाला तिथलं, तुम्ही राहता तिथलं किंवा समोरचा राहतो तिथलं न्यायाधिकरण तुम्ही निवडू शकता. तुमच्या बाबतीत तिन्ही जळगाव जिल्ह्यातच येतात. फेऱ्या होतील, वेळ लागेल, कधी तारखेला जाऊन नुसती पुढची तारीख घेऊन परत यावं लागेल. ते मी गोड करून सांगत नाही. जखम किरकोळ असती आणि खर्च निघाला असता, तर मीच म्हटलं असतं की मामांशी हात मिळवा आणि घरी जा. तुमचं तसं नाही.

वकील बघताना जपा. दवाखान्याच्या दारात कोणी भेटून "फी काही नको, मिळेल त्यात चाळीस टक्के" म्हणाला तर वळून निघून या. निकालाच्या रकमेत टक्का ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका, वकीलपत्र वाचून सही करा. फी परवडत नसेल तर चोपड्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, किंवा 15100 वर फोन करा. दिव्यांग व्यक्तीला आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो.

आणखी एक शक्यता आहे. दावा टाकल्यावर कंपनी लोकअदालतीत तडजोड करू म्हणेल. लोकअदालत चांगली आहे, मी स्वतः तिथे कितीतरी प्रकरणं मिटवली आहेत. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. प्लेटी निघून अपंगत्वाचा दाखला हातात येईपर्यंत तिथे आकडा मान्य करू नका. किती वेळा बोलावलं तरी "उपचार चालू आहेत" म्हणा.

उद्या सकाळी दुकान उघडा, ताई. ती वही काढून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, दवाखान्याची फाईल तिच्याबरोबर ठेवा आणि ती पिशवी घरात उंचावर टांगा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. अ‍ॅपवर पॉलिसीची तारीख काय दिसली ते मला कळवा. ती बघून पुढचं लिहितो.